मागून येणारा

बांधण्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. बैल गोठ्यात बांधायचा तर दावे, शेतात हाकायचा तर कासरा, मोट ओढायची तर नाडा, खाट विणायची तर सुंभ, पुडा बांधायचा तर सुतळी. आमच्या डहाणूच्या बाजूला भाताचे भारे बांधण्यासाठी कोवळ्या बांबूचे बंद काढतात. रानात गेलेल्या माणसाला घाईत दोर हवा असेल तर तो मुरुडशेंगेची साल सोलतो किंवा पळसाचे मूळ ठेचून त्याचे तंतू काढतो. कामागणिक दोर निराळा आणि दोरागणिक शब्द निराळा. लग्नालाही आपण गाठच म्हणतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे म्हणून आपण दोराच्या अंगी स्वभावसुद्धा चिकटवून ठेवला आहे. अशा भाषेत वाढलेल्या तरुणाला फटफटीच्या मागे एक पिशवी बांधण्यासाठी परमुलखात विश्वासाचा पट्टा सापडू नये, ही मौजच म्हणायची. निदान प्रथम मला ती मौज वाटली होती.

हा तरुण म्हणजे माझा भाचा. तो जर्मनीत श्टुटगार्ट येथे नोकरी करतो, आणि सुटीच्या दिवशी मोटारसायकलीवर मागे तंबू बांधून डोंगरांत हिंडतो. २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ पोचल्याचे सांगायला त्याने फोन केला. चकली मोडली नाही, अनारसे थोडे मऊ पडले, वगैरे कुशल झाले. मग तो म्हणाला, "मामा, कैनाडला त्या पंक्चरवाल्याच्या टपरीवर ट्यूबच्या पट्ट्या मिळतात ना, त्यातल्या चार मला पाठवाल का?" मी हो म्हणायच्या आत त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आणि मामा, विम्याने सगळे पैसे दिले. त्यानंतर माझे काही देणे उरते का?"

हे दोन प्रश्न त्याने एकाच श्वासात विचारले. माझ्या डोक्यात ते आजही एकत्रच बांधलेले आहेत, आणि या लेखातही मी ते सोडवून वेगळे ठेवणार नाही.

आधी कैनाडची टपरी. डहाणू रोड स्टेशनाच्या पश्चिमेला समुद्र, चिकूच्या वाड्या आणि पारशी-इराणी बागायतदारांचे जुने बंगले. पूर्वेला भातखाचरे, पाडे आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा वारल्यांचा मुलूख. कैनाड या पूर्वेकडचे. एके काळी या रस्त्यांवरचे सगळे ओझे डोक्यावरून नाही तर खांद्यावरच्या कावडीने जाई. पुढे सायकल आली, आणि आता मोटारसायकल. तिच्या पाठीवर काय काय जाते ते एखाद्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावे. चिकूचे क्रेट, वाणगावकडची हिरवी मिरची, पूर्वेच्या बाजाराला निघालेले सुके बोंबील, गॅसचा सिलिंडर, घरावर घालायचे पत्रे, क्वचित एखादी हताश शेळी, आणि लग्नसराईत माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपकाचे खोके. गाडी तयार करणाऱ्या कारखानदाराने हे दृश्य पाहिले तर तो आपली हमीपत्रे परत मागवील.

हे सगळे बांधलेले असते ते ट्यूबच्या पट्टीने. फुटक्या ट्यूबला ठिगळ लावण्याचीही सोय उरली नाही, की पंक्चरवाला ती पाण्यात भिजवतो आणि ओल्या पात्याने कापतो. ओले रबर सुरीला चिकटत नाही. उभी कापली की लांब पट्टी निघते, आडवी कापली की गोल कडे निघते. आमच्या डहाणूला रबराच्या फुग्यांचे लहान लहान कारखाने आहेत, त्यामुळे रबराचे नवल आम्हांला मुळीच नाही. परंतु फुग्याचे रबर निराळे आणि ट्यूबचे निराळे. फुग्याचे उन्हात दोन दिवसांत मरते, ट्यूबचे काळे रबर वर्ष-दोन वर्षे तग धरते. हल्ली बिनट्यूबच्या चाकांच्या गाड्या आल्यामुळे चांगली ट्यूब मिळणे कठीण होत चालले आहे, अशी तक्रार टपरीवर नेहमी ऐकू येते. यंत्राची प्रगती झाली की कुणाच्या तरी दोरीचा कच्चा माल संपतो.

माझी या गावाशी ओळख शिक्षकाच्या नोकरीतली. टपरीवाला माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. भाचा लहानपणी सुटीत येई तेव्हा तासन् तास त्या टपरीपुढे बसे. तिथे ओझे बांधण्याची एक पद्धत आहे. टपरीवाला सामानावर गुडघा रोवतो, पट्टी ताणतो, ताणलेल्या पट्टीवरून तिचेच टोक दोनदा आत घालतो, मग सामान धरून सगळी गाडी हलवून पाहतो. पिशवी हलली आणि गाडी स्थिर राहिली तर पुन्हा सोडून बांधतो. पिशवीबरोबर गाडी हलली, तर पाठीवर थाप मारून "जा" म्हणतो. आणि नंतर, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे, तो रस्त्यावर येऊन जाणाऱ्या गाडीकडे वळणापर्यंत पाहत राहतो.

आता श्टुटगार्ट. २०२३ च्या उन्हाळ्यात बहिणीबरोबर मी दोन महिने तिथे होतो. एका शनिवारी भाच्याबरोबर मी पट्टा आणायला गेलो. भाजी आणायला जावे तसे गेलो होतो, आणि पाहतो तो एक आख्खी भिंत पट्ट्यांनी भरलेली. साध्या दाबकडीचे, दात्यांच्या चाकाने आवळायचे, रुंद, अरुंद, लवचीक, अलवचीक. प्रत्येक पट्ट्याला एक कापडी चिठ्ठी शिवलेली. युरोपातल्या नियमाप्रमाणे चिठ्ठीच्या रंगावरून धागा कळतो: निळी म्हणजे पॉलिएस्टर, हिरवी म्हणजे नायलॉनच्या जातीचा, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पट्टा किती ताण सोसेल, हाताच्या जोराने आवळल्यावर किती ताण राहील, किती टक्के लांबेल, कोणत्या साली तयार झाला, सारे त्या चिठ्ठीवर असते. शिवाय एक बजावणी: हा पट्टा वस्तू उचलण्यासाठी वापरू नये. आपल्याकडे माणसाच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा इतकी प्रामाणिक माहिती नसते.

लवचीक दोऱ्यांच्या टोकांना लोखंडी आकडे होते. त्या घ्यायच्या नाहीत, असे भाचा ठामपणे म्हणाला. ताणलेली दोरी निसटली की आकडा गोफणीसारखा परततो, आणि अशाने डोळे गेल्याची उदाहरणे नेत्रवैद्यकात नोंदलेली आहेत. शेवटी त्याने निळ्या चिठ्ठीचे दोन पट्टे घेतले. पॉलिएस्टर पाण्याने फारसे सैल पडत नाही आणि उन्हातही टिकते. निवड शास्त्रशुद्ध होती. त्यात मला आजही काही वावगे दिसत नाही.

घरी परतताना त्याने मला तिथला कायदा सांगितला. वाहनावरचे ओझे असे बांधलेले असावे की गाडी एकाएकी थांबवली किंवा एकाएकी वळवली, तरी ते सरकू नये, कलंडू नये, घरंगळू नये, पडू नये, आणि टाळता येण्याजोगा आवाजही करू नये. हे शेवटचे कलम ऐकून मी थक्क झालो. म्हणजे ओझे पडले नाही, पण खडखडले, तरी अपराध! आपल्याकडे खडखडाट न करणारे ओझे हे ओझेच नव्हे, अशी समजूत आहे. हिशेबही त्याने सांगितला. जोरात ब्रेक दाबल्यावर सामान स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ दशांश जोराने पुढे झेपावते, असे धरून बांधावे. वीस किलोची पिशवी म्हणजे सोळा किलोचा धक्का, आणि मोटारसायकलीवर तो बसतो चालवणाराच्या पाठीत.

यानंतर वर्षाने, जून २०२४ मधल्या एका रविवारी, तो बाडेन-बाडेनकडून फ्रॉइडनस्टाटकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्याने निघाला होता. त्या मुलखाला ते लोक काळे अरण्य म्हणतात. मोटारसायकलवाल्यांचा तो आवडता रस्ता. मागे तंबूची आणि अंथरुणाची मऊ पिशवी, तिच्यावर ते दोन निळे पट्टे. तासाभरात पिशवीतली हवा निघाली, कापड दबले, पिशवी दोन बोटे बारीक झाली. पट्टा होता तेवढाच राहिला. एका वळणावर पिशवी बाजूने निसटून रस्त्यावर पडली. मागून मोटारसायकलीवर एक मध्यमवयीन बाई येत होती. तिने ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि तिचे उजवे मनगट मोडले.

भाच्याने थांबून मागे पाहिले तेव्हा त्याच्या गाडीवर दोन्ही पट्टे जसेच्या तसे होते. धागा शाबूत, शिवण शाबूत, कडी घट्ट मिटलेली. चिठ्ठीवर जे लिहिले होते त्यातला एक शब्दही खोटा ठरला नव्हता. फक्त आतले ओझे नव्हते.

पुढचे सगळे त्या देशाच्या पद्धतीने बिनचूक झाले. रुग्णवाहिका आली, पोलिस आले, थोडा दंड झाला. विम्याने बाईच्या उपचारांचा आणि तिच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च दिला. कोणी आवाज चढवला नाही. भाच्याला जे टोचत होते ते नेमके हेच होते. आपल्याकडे असता तर गर्दी जमली असती, दोन शिव्या बसल्या असत्या, कदाचित दोन थपडाही, आणि मग एखाद्या म्हाताऱ्याने मध्ये पडून "जा बाबा, पुन्हा नीट बांधत जा" म्हटले असते. त्या थपडांची बाजू मी घेत नाही. रस्त्यावरच्या गर्दीने न्याय करू नये, हे मी वर्गात पस्तीस वर्षे शिकवले आहे. परंतु थप्पड बसल्यावर माणसाला प्रकरण मिटल्यासारखे वाटते, आणि पावती मिळाल्यावर तसे वाटत नाही, हाही अनुभव आहे.

मग त्याने ट्यूबच्या पट्ट्या का मागवल्या? यात पदार्थविज्ञान थोडे आहे. रबर ताणून बांधले की ते सतत आत ओढत राहते; ओझे दबले तर तेही आखडते आणि पकड सोडत नाही. विणलेला पट्टा हे करू शकत नाही. उलट, जोराचा धक्का बसला तर रबर ओझ्याबरोबर ताणले जाते आणि ओझ्याला जाऊ देते. तिथे विणलेला पट्टाच हवा. म्हणजे एक धरून ठेवणारा आणि एक जुळवून घेणारा, असे दोन्ही लागतात. प्रपंचात पडलेल्या वाचकांना हे मी समजावून सांगायला नको.

तथापि एवढ्यासाठी कैनाडहून रबर मागवण्याची गरज नव्हती. आकडा नसलेले लवचीक पट्टे त्या भिंतीवरही असतील. भाच्याला रबराबरोबर आणखी काही हवे होते. तो म्हणाला, "मामा, तिथे बांधून देणारा माणूस ओळखीचा असतो."

सोपे उत्तर इथे तयार असते, आणि दिवाळी अंकांतून ते आपण पुष्कळदा वाचलेले असते. तिकडची ती निर्जीव चिठ्ठी आणि इकडचा हा जिवंत माणूस. तिकडे कायदा आणि इकडे जिव्हाळा. मला हे उत्तर पटत नाही. कैनाडच्या रस्त्यावर ओझी पडत नाहीत की काय? चारोटीच्या नाक्यावर, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, फुटलेल्या क्रेटमधले चिकू चाकांखाली चिरडलेले मी पाहिले आहेत, आणि एकदा चिकूंपेक्षा वाईट तेही पाहिले आहे. ओळखीच्या माणसाने बांधलेली पट्टीही तुटते. ती जुनी झाली आहे हे सांगणारी चिठ्ठी तिच्यावर नसते, एवढाच फरक.

आणि ओळखीचे बंध म्हटले की या भागातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवलीच पाहिजे. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या मुलखात लग्नगडी नावाचा माणूस असे. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे, आणि त्या पैशांपोटी त्याने आणि त्याच्या बायकोने सावकाराच्या घरी राबायचे. कर्ज फिटले की नाही हे सावकाराने ठरवायचे, आणि ते कधी फिटायचे नाही. लग्नाची गाठ तीच दाव्याची गाठ. यात परका कोणी नव्हता. सावकार त्याला नावाने ओळखत होता, त्याच्या बापाला ओळखत होता. सगळा व्यवहार ओळखीचा, तोंडी, बिनचिठ्ठीचा. १९४५ साली झरीच्या सभेनंतर वारली उठले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने त्या उठावाला बळ दिले, आणि त्या काळच्या मागण्यांतली एक होती पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये. मला या मागणीतला आकडा फार महत्त्वाचा वाटतो. इतके वजन, इतके पैसे. मालकाच्या मर्जीवर आणि ओळखीवर काही सोडायचे नाही. पुढे १९७६ साली वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा दिल्लीत झाला. तो करणारांनी लग्नगड्याचे तोंडही पाहिले नव्हते. तोंड न पाहिलेल्या माणसासाठी लिहिलेला कागद हा किती मोठा जिव्हाळा असू शकतो, हे त्यावरून कळावे.

म्हणून ती निळी चिठ्ठी मी निर्जीव म्हणणार नाही. कुठल्या तरी गावात कोणी तरी तो पट्टा यंत्राला लावून तुटेपर्यंत ओढला असेल, आकडा लिहून ठेवला असेल, त्याला आपले सामान कोण बांधणार हे ठाऊक नसताना त्याने खोटे लिहिले नाही. परक्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून माणसाने शोधलेल्या युक्त्यांतली ही फार वरच्या दर्जाची युक्ती आहे. भाच्याचा पट्टा खोटा निघाला नव्हता. चिठ्ठीला पट्टा ठाऊक होता, एवढेच. पिशवी मऊ आहे हे चिठ्ठीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

घट्ट बांधले म्हणजे सुरक्षित झाले, असेही नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईच्या योगेश आळेकरी या तरुणाची हकिगत वर्तमानपत्रांत आली होती. मोटारसायकलीवरून सतरा देश ओलांडून तो इंग्लंडात पोचला होता. इतक्या रस्त्यांनी, इतक्या खड्ड्यांनी त्याच्या गाडीवरचे ओझे सैल केले नाही. आणि नॉटिंगहॅमच्या एका उद्यानाजवळून चोरांनी ओझ्यासकट गाडीच पळवली. पासपोर्टसुद्धा गेला. पट्टा ओझे गाडीला बांधतो, गाडी कुणाला बांधलेली नसते. त्याच बातम्यांत पुढे हेही होते की तिथल्या अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी धावाधाव केली आणि त्याला पुन्हा गाडीवर बसवले. परक्याने लुटले आणि परक्यानेच सावरले. ओळखीचा माणूस त्या गावात त्याला कितीसा होता?

तेव्हा ओळखीचा की परका, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि पट्ट्या आणायला कैनाडला गेलो. भातकापणी उरकत आली होती, टपरीपुढे भाऱ्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. मी कशासाठी आलो ते सांगताना साहजिकच अपघाताची हकिगत सांगितली. पट्टा कसा होता, चिठ्ठी काय होती, पिशवी कशी दबली, सारे व्यवस्थित, शिक्षकाला शोभेल असे सांगितले. टपरीवाला ट्यूब भिजवत ऐकत होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, ती बाई कशी आहे?"

मला ते ठाऊक नव्हते. रात्री भाच्याला फोन करून विचारले, तर त्यालाही ठाऊक नव्हते. मनगट बरोबर जुळले का, ती पुन्हा गाडी चालवते का, उजव्या हाताने लिहिते का, यांतले काहीच त्याला माहीत नव्हते. विमा कंपनीला माहीत असेल. तिच्याकडे सगळे कागद होते. बाईचा पत्ता मात्र त्याच्या कागदांवर होता. ती फ्रॉइडनस्टाटला राहत होती.

माझ्या टेबलावर त्या दिवसांत महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा प्रायश्चित्तांवरचा खंड पडलेला होता. निवृत्तीनंतर वाचायला म्हणून घेतलेली पुस्तके अशा वेळी उपयोगी पडतात. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. दंड व्यवहारात येतो. तो राजाकडे जातो. प्रायश्चित्त माणसाने स्वतः करायचे, आपल्याच शुद्धीसाठी. आणि स्मृतिकारांनी आणखी एका गोष्टीची तरतूद केली आहे, जिचे नाव मला फार आवडते: समुत्थानव्यय. ज्याला इजा झाली तो उठून हिंडूफिरू लागेपर्यंतचा खर्च इजा करणाराने द्यावा. विमा कंपन्यांनी आपल्या दारावर हा शब्द कोरून ठेवावा, इतका तो नेमका आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक काही कमी व्यवहारी नव्हते.

भाच्याचा हिशेब मी या पुस्तकाशी ताडून पाहिला. दंड दिला, तो राजाला पोचला. समुत्थानव्यय दिला, तो विम्यामार्फत पोचला. प्रायश्चित्त म्हणाल तर पाच महिने पोराला झोप नीट नाही, गाडीवर सामान बांधत नाही. यापेक्षा कृच्छ्र ते काय वेगळे असणार! तरीही एक खाते कोरे राहते असे मला वाटू लागले. दंड राजाचा, खर्च वैद्याचा, प्रायश्चित्त स्वतःचे. त्या बाईच्या वाट्याला यातून पैसे आले. पिशवी बांधणारा माणूस आला नाही. ती इस्पितळात होती तेव्हा आली ती पत्रे कंपनीची. तिच्या लेखी आजही तिच्यापुढे रस्त्यावर एक पिशवी पडली, एवढेच घडले आहे. ती पिशवी कुणाची तरी होती, त्या कुणाला तरी झोप येत नाही, हे तिला सांगणारे कोणी नाही. आणि हे काम विम्यावर सोपवता येत नाही, कारण विमा म्हणजे परक्यांनी परक्यांसाठी केलेली वर्गणी. ती फार चांगली गोष्ट आहे. पण "कशी आहेस?" असे वर्गणी विचारू शकत नाही.

याला कोणी म्हणेल, त्या बाईला हे नको असले तर? जुनी जखम उकरायला दारात उभा राहिलेला परदेशी तरुण तिला आवडेलच कशावरून? आक्षेप खरा आहे. क्षमा मागायला जाणारे पुष्कळ लोक स्वतःचे ओझे उतरवायला जातात आणि ते दुसऱ्याच्या दारात टाकून येतात. म्हणून मी भाच्याला एवढेच सांगितले की आधी पत्र टाक. क्षमा वगैरे मागू नकोस, ती द्यायची की नाही या संकटात तिला पाडू नकोस. हात कसा आहे ते विचार, येऊ का ते विचार, आणि नको म्हणाली तर जाऊ नकोस.

टपरीवाल्याने चार पट्ट्या कापून दिल्या, दोन लांब आणि दोन कडी. तिकडे थंडी फार, रबर आखडेल, म्हणून नुसत्या ट्यूबवर राहू नका, असे त्याने बजावले. खाली त्यांचा निळा पट्टा घालायला सांगा, वरून ही. टोक मोकळे सोडायचे नाही; लोंबते टोक चाकात गेले तर गाडी जागच्या जागी अडते. आणि तासाभराने एकदा उतरून हलवून पाहायचे. हे सगळे त्याने मला दोनदा सांगितले आणि मग माझ्याकडून म्हणवून घेतले. चौथीत मी त्याच्याकडून पाढे असेच म्हणवून घेत असे. पैसे चाळीस रुपये झाले. तेही घेऊ नयेत, अशा बेताने तो मान हलवू लागला, तेव्हा मी ते बळेच फळीवर ठेवले.

बाईचे उत्तर आठ दिवसांत आले: या. त्यावर भाच्याने पुन्हा मला फोन केला. जावेसे वाटते, पण गाडीची पाटी मोसमी आहे, असे तो म्हणाला. तिकडे मोटारसायकलीला एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांची पाटी घेता येते. मधल्या हिवाळ्यात गाडी रस्त्यावर आणायची नाही. तेव्हा एप्रिल लागला की जातो.

मी म्हटले, आगगाडी बारा महिने चालते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तो गेला. दोन तासांचा प्रवास, बर्फ पडत होते. बाईने कॉफी आणि केक दिला. ती काही फार बोलली नाही, आणि रागावलीही नाही. अपघातानंतर ती गाडीवर बसलेली नव्हती. उन्हाळ्यात बसेन म्हणाली. पट्ट्याचे नाव निघाले तेव्हा तिने आपल्या गाडीच्या खोलीत नेऊन स्वतःचे पट्टे दाखवले. तेही निळ्या चिठ्ठीचे होते. भाच्याने पिशवीतून कैनाडच्या दोन पट्ट्या काढून दिल्या, तेव्हा तिने त्या ताणून पाहिल्या, वास घेतला, आणि हे कशाचे म्हणून विचारले. निघताना तिने स्वयंपाकघरातून मुरंब्याची एक नवी बरणी आणली आणि ती उघडून दे म्हणाली. तिच्या मनगटाला अजून तेवढा पीळ देता येत नाही.